शुभमंगल सावघान

घ. घरातला घ, घड्याळातला घ. ध नव्हे. लग्नपत्रिकेवर, सोनेरी अक्षरांत, गणपतीच्या बरोब्बर खाली, पाचशे प्रतींवर छापलेला: 'शुभमंगल सावघान'. सकाळी साडेआठला प्रेसवाल्यांचा फोन, "ताई, प्रूफ तुम्हीच बघितलं होतं न्हवं?"

बघितलं होतं. तीन वेळा. आणि तिन्ही वेळा मला तिथं ध च दिसला, कारण मी तो ६२,००० रुपयांच्या नव्या टॅबवर बघत होते.

चूक माझीच. प्रूफ वाचणारीनं "दिसलं नाही" म्हणणं म्हणजे आचाऱ्यानं "मीठ चाखलंच नाही" म्हणण्यासारखं आहे. छपाईचे पैसे माझ्या बिलातून वळते झाले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. या टॅबबद्दल मात्र फार आहे, आणि आज ती सगळी बाहेर पडणार आहे.

गेली १९ वर्षं मी प्रुफं वाचते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, आणि गळीत हंगामाच्या तोंडावर साखर कारखान्यांच्या सभासदांना जाणारी ती जाडजूड पुस्तकं, ज्यांतला ताळेबंद मी आणि चार विरोधक सोडून कुणी वाचत नाही. माझा सगळा धंदा ठिपक्यांचा आहे. 'चि. सौ. कां.' मधला का वरचा टिंब गेला तर मुलीकडचा मामा फोन करतो. ध आणि घ मधला फरक म्हणजे डोक्यावरची एक फट आणि एक इवलीशी गाठ. भ आणि म चंही तसंच. वर मराठीत रफार, वेलांटी, अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर आणि उकार पायात, त्यामुळे त्याच आकाराच्या इंग्रजी अक्षरापेक्षा आपल्या अक्षराचं अंग आधीच लहान पडतं. एवढ्याशा जागेत दोन ठिपके इकडचे तिकडे झाले की झालं सावघान.

जुना टॅब आठ वर्षांचा. कोपरा फुटलेला, बॅटरी दुपारपर्यंत टिकली तर नशीब. म्हणून राजारामपुरीत गेले. दुकानात असा लखलखाट की डोळे दिपावेत, आणि काउंटरवर हा टॅब पूर्ण उजेडावर लावलेला. पडद्यावर काय, तर पोपट. मग जांभळं फूल, मग मध सांडतोय. पोरगा म्हणाला, "मॅडम, ओएलईडी हाय. काळा म्हणजे काळाच. पिक्सेलच बंद हुतोय." खोटं नव्हतं ते. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो, मागून दिवा नसतो, त्यामुळे काळा खरोखरच काळा होतो. वर १२० हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणार. मी १२० हर्ट्झ घेऊन काय करू? मी ताळेबंद वाचते, बैलगाडा शर्यत पळवत नाही. पण पोपट इतका सुंदर होता की मी भुलले. त्या अख्ख्या डेमोत मजकुराची एक ओळ नव्हती, हे घरी आल्यावर लक्षात आलं. पडदा विकणाऱ्यांच्या लेखी अक्षर ही बघायची गोष्टच नाही.

पहिल्याच रात्री कळलं. सासूबाई त्याच खोलीत झोपतात, त्यामुळे लाइट बंद. उजेड पार खाली आणला आणि डोळ्यांना बरा म्हणून पानाला मागं राखाडी रंग लावून अहवाल उघडला. आणि बघते तर सगळ्या पानावर रवा सांडलेला. बारीक, कणीदार. आधी वाटलं काचेवर धूळ आहे. पदराच्या टोकानं पुसली. मग चष्मा पुसला. मग बोटानं पान वर सरकवलं, तर अक्षरं सरकली आणि रवा जागच्या जागी! म्हणजे तो कागदात नव्हता, पडद्यात होता. आणि अक्षरांच्या कडांना एका अंगाला हिरवट, दुसऱ्या अंगाला गुलाबी झाक. रजिस्ट्रेशन हललेल्या, म्हणजे रंगावर रंग नीट न बसलेल्या चाररंगी छपाईसारखी. प्रेसमध्ये असा कागद निघाला तर मशीन थांबवतात.

सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन घेतलं, पाऊण तास बसले. काचेपलीकडच्या मुलानं टॅब हातात घेतला, पहिलं काम काय केलं, तर उजेड पूर्ण वाढवला.

"कुठं काय हाय मॅडम?"

"अहो, उजेड कमी करून बघा. आणि राखाडी लावा."

"कमी करून कोण वापरतंय?"

मी वापरते! मी समोर उभी आहे, पैसे मी भरलेत, मी वापरते! मग म्हणे फोटो दाखवा. फोटो होता माझ्याकडे, पण त्यात नुसते काळे पट्टे. कमी उजेडावर हा पडदा सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून उजेड कमी झाल्याचा भास करतो आणि कॅमेऱ्यात त्या उघडझापीचे पट्टे येतात, कण येत नाहीत. म्हणजे फोटोत येत नाही म्हणून दोष नाही, आणि जे फोटोत येतंय ते "ओएलईडीला असतंयच असं". पुढं साहेब आले. "स्पेकमध्ये आहे," म्हणाले, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेत. आणि जाता जाता, अगदी आपुलकीनं, "चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्या."

तपासून घेतला. नंबर हललेला नाही. डॉक्टरांची फी वर.

'स्पेकमध्ये आहे' म्हणे. माझा भाऊ शिरोलीला फाउंड्रीत आहे. कास्टिंगला सुईच्या टोकाएवढं ब्लोहोल निघालं तर माल परत येतो. तिथं "कास्टिंगला असतंयच असं" म्हणून बघा कुणी.

मग मी स्वतःच वाचायला बसले, जुन्या टॅबवर अर्थात. या कणांना नाव आहे, आणि ते कारखान्यातल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. मुरा. जपानी शब्द, अर्थ असमानपणा. (कुठंतरी पाणी मुरतंय हे मला पहिल्या रात्रीच कळलं होतं.) पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला वीज मोजून देणारा स्वतःचा चिमुकला ट्रान्झिस्टर असतो. लाखो ट्रान्झिस्टर हुबेहूब सारखे होत नाहीत. उजेड भरपूर असला की फरक झाकला जातो. वीज अगदी थोडी सोडली की उघडा पडतो. नवरात्रात गल्लीत दिव्यांच्या माळा सोडतात ना, व्होल्टेज पूर्ण असलं की सगळ्या सारख्याच झगमगतात. ते पडलं की एक दिवा मिणमिणतो, शेजारचा जरा बरा, तिसरा विझायला आलेला. तेच. जुन्या एलसीडीत मागं एकच उजेड पसरलेला असतो आणि पुढं नुसत्या झडपा, त्यामुळे तिथं असा रवा सांडत नाही. कारखान्यात पडदा कॅमेऱ्यानं तपासून प्रत्येक ठिपक्याला दुरुस्ती भरतात, तिला डीमुरा म्हणतात. म्हणजे दोष आहे हे यांना माहीत, तो मोजायला येतो, कमी करायलाही येतो. आणि माझ्या तोंडावर काय, तर चष्मा बदला.

आता कडांची गोष्ट. ती कळली गुजरीत, सोनारांच्या गल्लीत.

माझे धाकटे दीर गुजरीत कारागीर आहेत, कोल्हापुरी साजाची बारीक पानं घडवतात. मी चिडून दोन्ही टॅब पिशवीत घालून त्यांच्या पेढीवर गेले. "भाऊजी, तुमचं भिंग द्या जरा." त्यांनी हातातला मणी खाली ठेवला, दहापट दाखवणारं भिंग डोळ्याला लावलं आणि जुन्या टॅबवर वाकले. "लाल, हिरवी, निळी. उभ्या पट्ट्या, एकाला एक लागून. काम नीट हाय." मग नव्यावर. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, ह्यात माल कमी हाय."

तसंच निघालं. एका ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे हवेत. यात दोनच. एका ठिपक्याला हिरवा-लाल, शेजारच्याला हिरवा-निळा, आणि उरलेला रंग शेजाऱ्याकडून उसना. पेनटाइल म्हणतात या मांडणीला. आपल्या डोळ्याला बारकावा हिरव्यातून जास्त कळतो, म्हणून हिरवे पूर्ण ठेवायचे आणि लाल-निळे निम्मे करायचे. पोपटाला चालतं. फुलाला चालतं. काळ्या रेघेच्या काठाला चालत नाही, कारण तिथं एका बाजूला हिरवा उघडा पडतो, दुसऱ्या बाजूला लाल-निळा. ती हिरवट-गुलाबी झाक हीच.

भाऊजींनी पेन्सिल घेतली. "तिनातलं दोन. म्हणजे चोवीसला सोळा. वहिनी, ह्यो सोळा कॅरेटचा टॅब हाय. आणि सोळाला हॉलमार्कच नसतोय."

खोक्यावर २७४ पीपीआय छापलंय. इंचाला २७४ ठिपके. माझ्या जुन्याचे २२४. आकड्यावर नवा भारी. पण २७४ हे फक्त हिरव्याचे. लाल आणि निळे चौरस इंचात निम्म्यावर आले की एका रेषेत इंचाला १९४ च्या आसपास उतरतात (२७४ भागिले १.४१). म्हणजे लाल-निळ्याच्या बाबतीत माझा फुटक्या कोपऱ्याचा जुना टॅब या ६२,००० वाल्यापेक्षा दाट आहे! आणि एक फुटावरून चांगल्या डोळ्याला इंचाला तीनशेच्या जवळपासपर्यंतचे ठिपके वेगळे कळतात. मग १९४ मला कसे कळणार नाहीत? गुजरीत कुणी २२ सांगून १६ दिलं तर दुसऱ्या दिवशी गल्लीभर माणसं जमतील. इथं खोक्यावर छापून विकतात आणि वर हप्ते बांधून देतात.

उपाय सुचवणारेही कमी नाहीत. महाद्वार रोडवर एकानं ६९९ रुपयांचा मॅट गार्ड चिकटवला, "कागदावानी वाटतंय बघा". कागद कसला, अभ्रक! त्या खरखरीत थराचा प्रत्येक कण खालच्या ठिपक्यावर वाकडंतिकडं भिंग बनून बसतो, आणि मान जरा हलवली की सगळा पडदा चमचमतो. तिसऱ्या दिवशी उपटून टाकला. भाचा म्हणाला, "आत्या, डार्क मोड लाव की." लावला. माझ्या चष्म्याला थोडा सिलिंडरचा नंबर आहे, काळ्यावरची पांढरी अक्षरं ओल्या कागदावरच्या शाईसारखी फुटतात. आणि पान सरकवलं की मागं जांभळट शेपूट, कारण पूर्ण विझलेल्या ठिपक्याला पेटायला अंमळ वेळ लागतो. मग तोच म्हणाला, "एवढं कोण बघतंय गं?"

एवढं बघायचेच मला पैसे मिळतात, बाबा.

आता मी पुन्हा जुन्यावर आहे. चार्जर कायम टोचलेला, फुटक्या कोपऱ्याला सेलोटेप. नव्याचे १२ हप्ते, चौथा परवा गेला. तो सासूबाईंना दिला मालिका बघायला. दिवसा खूष होत्या, "किती स्वच्छ दिसतंय गं, साडीचे काठसुद्धा." मी गप्प. मनात म्हटलं, म्हणजे मीच वेडी.

काल रात्री लाइट बंद केल्यावर त्या अंथरुणात पालथ्या पडून बघत होत्या, उजेड अगदी खाली. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली बाई. नायिका अंधाऱ्या खोलीत रडत होती. सासूबाईंनी टॅब लांब धरला, जवळ धरला, बोटानं पुसला आणि मला हाक मारली, "अगं, हिच्या गालावर देवी उठल्यागत काय दिसतंय?"