पानं नाहीत म्हणून झाड मेलं?

"हिवाळ्यात ज्या झाडावर एकही पान नाही ते मेलेलं समजा. खोडावर काटे असतील तर विषारीसुद्धा. पावसाळ्यात अंगावर पडण्याआधी तोडून घ्या." काल हा मेसेज आईने मला पाठवला आणि आज आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गेटजवळची काटेसावर तोडायचा विषय बोर्डावर लागला!

अहो, गच्चीत जाऊन बघा तरी. त्या 'मेलेल्या' झाडाच्या काड्यांवर करवंदाएवढ्या कळ्या धरल्यात. आधी पानं गाळायची, मग फुलायचं, ही सावरीची रीतच आहे. पळस, पांगाराही तेच करतात. पंधरा दिवसांत लाल फुलांवर मैना-बुलबुलांची भांडणं सुरू होतील. तरीही शंका असेल तर बारीक फांदीची साल नखाने खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं की झाड जिवंत. एक फांदी कोरडी निघाली म्हणून निकाल देऊ नका, दोन-तीन ठिकाणी बघा.

काटे विषारी? ते शंकूसारखे काटे गुरांनी कोवळं खोड ओरबाडू नये म्हणून असतात, खोड जुनं झालं की बरेचसे झडतात. आणि आई ज्या उशीवर डोकं ठेवून हे फॉरवर्ड करते, ती सावरीच्याच कापसाची आहे.

पानांवाचून झाड ओळखता येतं. काळ्या नळीसारख्या शेंगा लटकत असतील तर बहावा, तलवारीसारख्या चपट्या असतील तर गुलमोहर, टणक तडकलेली बोंडं असतील तर तामण.

वाळलेलं झाड धोक्याचं, एवढं मान्य. मिलीबग या रस शोषणाऱ्या किडीने मुंबईतले कितीतरी वर्षावृक्ष (रेन ट्री) खरोखरच वाळले. पण पावसाळ्यात हिरवीगार झाडंही आडवी होतात. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतायचं, केबलसाठी मुळं तोडायची, मग दुसरं काय होणार?

आणि 'तोडून घ्या' म्हणजे? दुधीभोपळा आहे का? झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ पासून आहे. स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. ते मेलंय की नाही हे पाहायला महापालिकेचा वृक्ष अधिकारी आहे, सेक्रेटरीकाका नाहीत.

संध्याकाळी आईला खाली नेलं, साल खरवडून दाखवली. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. "मी कोणाकोणाला पाठवलंय ते बघ आधी."