श्रावस्तीचे व्यापारी सोपाऱ्याला आले होते

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर दादाने एक फोटो टाकला. आमच्या गावच्या, म्हणजे वसईजवळच्या नालासोपाऱ्यातल्या जुन्या सोपाऱ्याच्या बौद्ध स्तूपाचं कुंपण, त्याला खेटून उभ्या दोन रिक्षा आणि बाजूला फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या. खाली लिहिलं होतं, ‘बाहेरून आलेल्यांना काय पडलंय या मातीचं? यांनीच आपलं गाव बुडवलं.’ दिवसभर त्यावर अंगठे पडत राहिले. काका, आत्या, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्यांचे. मला उत्तर द्यायचं होतं, पण ते ग्रुपवर मावण्यासारखं नव्हतं.

मी अकरा वर्षं फ्रान्समध्ये मार्सेयला राहतेय. सावरकरांच्या उडीमुळे आपण ज्याला मार्सेलिस म्हणतो, तेच हे शहर. घरून कोणी आलं की पहिला प्रश्न ८ जुलै १९१० चाच असतो. मी त्यांना समुद्रावर नेते आणि मग जुन्या बंदराच्या धक्क्यावर जमिनीत बसवलेली एक धातूची पाटी दाखवते. इसवीसनापूर्वी ६०० च्या सुमाराला आशिया मायनरमधल्या फोकाया गावचे ग्रीक खलाशी इथे उतरले आणि त्यांनी हे शहर वसवलं, असं तिच्यावर लिहिलंय. लोक तिच्यावरून चालत जातात. शेजारीच सकाळी कोळी लोक होडीतली मासळी मांडतात. भाव विचारणाऱ्यांत अरबी बोलणारे असतात, कोमोरो बेटांवरचे असतात, आर्मेनियन आणि इटालियन आडनावांचे असतात.

शहराच्या जन्माची दंतकथा अशी: ग्रीक आले त्या दिवशी तिथल्या टोळीच्या राजाच्या मुलीचं स्वयंवर होतं. जिप्टिस तिचं नाव. तिने आपल्या माणसांतला कोणी न निवडता पाण्याचा पेला त्या परक्या खलाशाच्या, प्रोटिसच्या हातात दिला. म्हणजे गावाची पहिली गोष्टच बाहेरच्याला घरात घेतल्याची. माझ्या शेजारच्या कोमोरियन कुटुंबातला नऊ वर्षांचा मुलगा ही गोष्ट मला सांगतो तेव्हा ‘आमची जिप्टिस’ म्हणतो. त्याचे आजोबा जहाजावर कामाला होते.

जुनं बंदर शहराच्या पोटात कसं सापडलं, तेही सांगते. प्राचीन बंदराचं एक टोक गाळाने भरत गेलं, त्याची जमीन झाली आणि तिच्यावर घरं उठली. १९६७ साली तिथे मोठं खरेदी-केंद्र बांधायला खणायला घेतलं, तर ग्रीक तटबंदी आणि बंदराचा धक्का वर आला. वाद पेटला, काम अडलं. शेवटी मॉल झाला, पण अवशेष ठेवून, त्यांना लागून. १९७४ मध्ये तिथेच एक रोमन मालवाहू जहाज निघालं. त्याचं लाकूड गोठवून सुकवलं आणि ते संग्रहालयात ठेवलंय. १९९३ मध्ये पार्किंगसाठी खणताना त्याहून जुन्या ग्रीक होड्या निघाल्या. त्यांतल्या एकीच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, दोरीने शिवलेल्या आहेत. तिच्यासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला घरची आठवण झाली, कारण शिवलेली जहाजं ही आपल्या अरबी समुद्राचीही ओळख. गोव्यात तशाच पद्धतीने बांधलेली ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये आपल्या नौदलात आली, तेव्हा मी संग्रहालयातल्या त्या होडीचा फोटो दादाला पाठवला होता.

इथे सगळं छान चाललंय असं मात्र नाही. २०१७ मध्ये इमारतीच्या पायासाठी खणताना ग्रीकांची दगडाची खाण सापडली. रहिवासी रस्त्यावर उतरले, तरी इमारत झालीच आणि खाणीचा एक तुकडा तेवढा राखला गेला. ५ नोव्हेंबर २०१८ ला बंदरापासून दहा मिनिटांवरच्या ओबान्य रस्त्यावरच्या जुन्या इमारती कोसळून आठ माणसं गेली. स्थलांतरितांची, गरिबांची वस्ती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची इमारत पडल्याची बातमी वाचताना मला तोच रस्ता दिसत होता. बाहेरून आलेल्याला दोन्हीकडे पडकं घरच मिळतं. तरी इथल्या माणसाला ‘हे शहर तुझं नाही’ असं त्याच्या इतिहासाच्या नावाने कोणी ऐकवत नाही. बाकी बरंच ऐकवतात, पण ते नाही. फरक एवढाच आहे, आणि तो मला फार मोठा वाटतो.

आता सोपारा. आपल्याकडे वसईचा किल्ला सगळ्यांना माहीत, चिमाजी अप्पा आणि १७३९ माहीत. सोपारा हे बंदर त्याच्या दोन हजार वर्षं आधीचं. अशोकाने आपले शिलालेख जिथे कोरून ठेवले त्यांत हे गाव होतं. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला, नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्री वाटांची माहिती लिहिली, तिच्यात कल्याण आणि चौलबरोबर आपलं नाव आहे. ज्या भाषेच्या लोकांनी मार्सेय वसवलं, त्याच भाषेत. पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी एप्रिल १८८२ मध्ये ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणतात ती टेकडी उकरली, तर आतून दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा, त्याच्या आत एकात एक बसवलेले आणखी करंडे, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे तुकडे आणि भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. हे सगळं मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोपाऱ्यात वाढलेली मी, हे मला कॉलेजात कळलं. आमच्या शाळेची सहल दरवर्षी वॉटरपार्कला जायची.

दादा, तू म्हणतोस बाहेरच्यांना काय पडलंय. आपल्याला तरी काय पडलं होतं? बुद्धपौर्णिमेला लांबलांबून लोक येऊन त्या स्तूपापुढे मेणबत्त्या लावतात, तेव्हा आपल्यापैकी किती जण जातात?

आणि बाहेरच्यांचं म्हणशील, तर बौद्ध ग्रंथांतली पूर्णाची कथा वाच. पूर्ण हा आपल्या सोपाऱ्याचा व्यापारी, दासीच्या पोटी जन्मलेला, सहा वेळा समुद्रपार जाऊन आलेला. सातव्या सफरीला त्याच्या जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी चढले. रोज पहाटे ते काहीतरी म्हणायचे. त्याने विचारलं, ही कसली गाणी? ते म्हणाले, गाणी नाहीत, बुद्धाचं वचन आहे. ते ऐकून पूर्णाने घर सोडलं, भिक्खू झाला, आणि पुढे त्याच्या बोलावण्यावरून बुद्ध सोपाऱ्याला आले, अशी कथा. श्रावस्ती आज उत्तर प्रदेशात आहे. नालासोपाऱ्याच्या चाळीत जी मुलं भोजपुरी-अवधी बोलत मोठी होतायत, त्यांच्या मुलखातल्या माणसांनी ते वचन इथे आणलं. ती मुलं या गोष्टीत पाहुणी नाहीत. त्यांना कोणी ती सांगितली नाही, एवढंच.

लोकल भरून वाहतेय, पाणी पुरत नाही, पाणथळीवर इमारती उठल्या, हे सगळं खरं आहे आणि त्याचा राग मलाही येतो. पण ते पाप परवानगी देणाऱ्यांचं आणि पैसा करणाऱ्यांचं आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या माथी ते मारून आपण स्तूप वाचवणार नाही. तो वाचेल तर त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांमुळेच, आणि ती माणसं आता कोण आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. बंदरावर माणूस बाहेरूनच येतो. मीही इथे तशीच आलेय, आणि तू आला होतास तेव्हा त्या शेजारच्या मुलानेच तुला ती पाटी वाचून दाखवली होती.

मी डिसेंबरात येतेय. स्तूपाजवळच्या हिंदी शाळेच्या मुख्याध्यापिकेशी फोनवर बोलणं झालंय, सातवीचा एक वर्ग यायला तयार आहे. पेटीतल्या करंड्यांची मोठी चित्रं मी छापून आणते. मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजरातीत माहितीचा एकेक कागद करायचाय. त्यातला गुजराती तू बघ, दुकानात तुझं ते रोजचं आहे. आणि त्या दिवशी रिक्षावाल्यांनाही बोलाव.