रोजच्या बॅकअपची सक्ती सगळ्या दुकानदारांवर नाही

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘प्रत्येक दुकानदाराने हिशोबाचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवलाच पाहिजे, नाहीतर दंड.’ हे अर्धवट आहे. हा नियम कंपन्यांसाठीच्या 2014 च्या हिशोब नियमांतला आहे. त्यात आधी ‘ठरावीक काळाने’ असं होतं, ऑगस्ट 2022 मध्ये ते ‘रोज’ झालं. नोंदणीकृत कंपनी, अगदी प्रायव्हेट लिमिटेडही, त्यात येते. एकट्याच्या मालकीचं दुकान किंवा साधी भागीदारी येत नाही.

पण म्हणून निर्धास्त राहू नका. जीएसटी नोंदणी असेल, तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशोब जपावाच लागतो. जीएसटीच्या नियम 57 प्रमाणे संगणकावरच्या नोंदींचा बॅकअपही असा हवा, की अपघातात मूळ डेटा गेला तरी वाजवी वेळात परत उभा करता येईल.

गल्ल्यातला पेनड्राइव्ह इथे कामाचा नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. अशा वेळी संगणक आणि पेनड्राइव्ह एकत्रच भिजतात. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं फोल्डर नुसतं गूगल ड्राइव्हला जोडून ठेवणंही मला पुरेसं वाटत नाही. चुकून डिलीट केलेलं तिथूनही जातं, व्हायरसने खराब झालेली फाइल चांगल्या फाइलच्या जागी बसते. तारीख टाकलेली वेगळी प्रत चढवा. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून रोख शिल्लक आणि दोन-चार उधारीची खाती मूळ हिशोबाशी ताडून बघा.