कनेक्टर ‘रनिंग’ आहे, मग फोन नंबर कोरे का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सेल्सफोर्स या ग्राहक-व्यवस्थापनाच्या प्रणालीतला (सीआरएम) ग्राहकांचा डेटा काफ्कात, म्हणजे संदेशांचा प्रवाह साठवणाऱ्या प्रणालीत, आणण्याच्या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, एवढा खटाटोप कशाला, दर पंधरा मिनिटांनी ‘शेवटचा बदल’ या तारखेवर क्वेरी चालवली की काम भागतं. दोन, कनेक्टर (एका प्रणालीतला डेटा दुसरीत नेणारा प्रोग्राम) लावला, स्थिती ‘रनिंग’ दिसते, तरी वेअरहाउसच्या (विश्लेषणासाठीच्या डेटाबेसच्या) अकाउंट टेबलात फोन आणि पत्त्याच्या रकान्यांत नल, म्हणजे कोऱ्या किमती, येऊन बसले. तीन, दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हर चार दिवस बंद होता, नंतर कनेक्टर सुरूच होईना, म्हणून तुम्ही तो नव्या नावाने लावला, आणि तेव्हापासून काही अकाउंटची माहिती जुनीच राहिली आहे. यावरून तुमचं मत झालं की कनेक्टर भरवशाचा नाही.

लक्षणं तुम्ही अगदी नेमकी टिपली आहेत, निदान मात्र मला पटत नाही. सेल्सफोर्सचं चेंज डेटा कॅप्चर, म्हणजे कनेक्टरला बदल कळवणारी सोय, पूर्ण रेकॉर्ड पाठवत नाही, बदल पाठवतं, आणि तेही फक्त ७२ तास जपून ठेवतं. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीचं मूळ यातच आहे.

नलपासून सुरुवात करतो, कारण यात सर्वाधिक लोक अडकतात. समजा एखाद्या अकाउंटचा फक्त मालक बदलला. त्या अपडेटच्या इव्हेंटमध्ये (बदल कळवणाऱ्या संदेशात) हेडर, म्हणजे बदलाविषयीची माहिती, येतो, नवा मालक येतो, शेवटच्या बदलाची वेळ येते. फोन, पत्ता, उद्योग यांतलं काहीच येत नाही, कारण ते बदललेलं नाही. सेल्सफोर्सच्या स्ट्रीमिंग एपीआयवरून (प्रोग्रामांनी डेटा घेण्याच्या वाटेवरून) येणाऱ्या कच्च्या जेसन मजकुरात ही फील्ड्स नुसती गैरहजर असतात. पण कनेक्टर तो इव्हेंट ठरलेल्या स्कीमात (फील्ड्सच्या साच्यात) बसवतो. त्या स्कीमात अकाउंटची सगळी फील्ड्स ऐच्छिक म्हणून हजर असतात, आणि जे आलं नाही त्या जागी नल बसतो. पुढे डेटाबेसात लिहिणारा कनेक्टर, म्हणजे जेडीबीसी सिंक, ‘अपसर्ट’ (ओळ असेल तर बदला, नसेल तर घाला) मोडमध्ये असेल तर तो आलेला प्रत्येक रकाना लिहितो, नलसकट. म्हणजे दोन्ही कनेक्टर आपापलं काम चोख करतात आणि मधल्यामधे तुमचा फोन नंबर पुसला जातो.

डिलीटचं याहून वाईट होतं. डिलीटच्या इव्हेंटमध्ये फक्त हेडर असतो, पण काफ्काच्या दृष्टीने तो रिकामा संदेश नव्हे, आणि ओळ काढायची खूण म्हणजे रिकामा संदेश. त्यामुळे सिंकला ही ओळ काढायची आहे हे कळतच नाही, आणि टेबलात सगळे रकाने नल असलेली ओळ उरते. तुमच्याकडे अशा ओळी असतील तर सेल्सफोर्समध्ये ती अकाउंट्स अजून आहेत का, ते आधी बघा.

उपाय हेडरमध्येच आहे. त्यात ‘चेंज्ड फील्ड्स’ नावाची यादी असते. अपडेट असेल तेव्हा फक्त त्या यादीतले रकाने लिहायचे. फोन यादीत आहे आणि किंमत नल आहे, तर कुणीतरी फोन खरोखरच पुसलाय, तेव्हा नल लिहा. फोन यादीतच नाही, तर त्या रकान्याला हात लावू नका. नवं रेकॉर्ड तयार होतं तेव्हा ही यादी रिकामी असते. त्या वेळी जे आलंय ते सगळं लिहायचं. रिसायकल बिनमधून परत आणलेल्या रेकॉर्डलाही हाच नियम. पत्त्यासारखी संयुक्त फील्ड्स घटकागणिक लिहा, अख्खा पत्ता एका झटक्यात बदलू नका. तुमचा कनेक्टर नव्या पब/सब एपीआयवर चालत असेल तर या यादीत फील्डची नावं न दिसता शून्य-एक्सने सुरू होणारे हेक्स आकडे दिसतील. तो कचरा नाही. तो बिटमॅप आहे, म्हणजे प्रत्येक बिट एका फील्डसाठी, आणि एव्ह्रो या फॉरमॅटच्या स्कीमातल्या फील्डच्या क्रमानुसार तो उलगडावा लागतो.

साध्या जेडीबीसी सिंकला हे जमत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की कनेक्टरकडून आलेले इव्हेंट आधी जसेच्या तसे एका कच्च्या टेबलात जमा करायचे, जिथे फक्त भर पडते, बदल होत नाही. मग दर काही मिनिटांनी तिथून मुख्य टेबलात मर्ज चालवायचं, प्रत्येक रकान्यासाठी ‘यादीत असेल तर नवी किंमत, नाहीतर जुनीच’ अशा अटीसह. चूक सापडली की कच्च्या टेबलावरून मुख्य टेबल पुन्हा उभारता येतं.

याला जोडूनच एक धोक्याची सूचना. काफ्कात हे इव्हेंट ज्या टॉपिकमध्ये (संदेशांच्या रांगेत) येतात, त्यावर लॉग कॉम्पॅक्शन लावू नका. प्रत्येक कीसाठी (संदेशाच्या ओळखखुणेसाठी) शेवटचाच संदेश ठेवायचा ही सोय पूर्ण रेकॉर्डसाठी ठीक आहे. इथे शेवटचा संदेश म्हणजे कदाचित नुसता मालकाचा बदल असेल, आणि आधीचे सगळे बदल कॉम्पॅक्शनमध्ये जातील. क्लीनअपचं धोरण ‘डिलीट’च ठेवा आणि मुदत काफ्काच्या मूळच्या ७ दिवसांवरून निदान १४ दिवसांवर न्या. पार्टिशन, म्हणजे टॉपिकचा भाग, एकच पुरे. सीआरएममधल्या बदलांचा ओघ एका पार्टिशनला जड जाईल इतका क्वचितच असतो, आणि क्रम टिकतो हा फायदा मोठा आहे.

नल येण्याचं दुसरंही एक कारण आहे, आणि ते पहिल्यापासून वेगळं काढणं सोपं आहे. नवं अकाउंट तयार झाल्याचा इव्हेंट बघा. त्यातही फोन नल असेल, आणि सेल्सफोर्समध्ये तो भरलेला असेल, तर दोष परवानगीत आहे. कनेक्टर ज्या यूजरने लॉगिन करतो त्याला ते फील्ड दिसत नसेल तर ते इव्हेंटमध्ये येत नाही, आणि एरर कुठेच उमटत नाही. चेंज डेटा कॅप्चर शेअरिंगचे नियम बघत नाही, पण फील्ड पातळीवरची परवानगी काटेकोरपणे पाळतं. कनेक्टरसाठी वेगळा इंटिग्रेशन यूजर करा, त्याला त्या ऑब्जेक्टवर ‘व्ह्यू ऑल’ द्या आणि परमिशन सेटमध्ये हवं ते प्रत्येक फील्ड तपासून टिक करा. फॉर्म्युला फील्ड (इतर फील्ड्सवरून काढलेली किंमत) मात्र कितीही परवानग्या दिल्या तरी येणार नाही, कारण ते साठवलेलंच नसतं. रोल-अप समरी (जोडलेल्या रेकॉर्ड्सची बेरीज वगैरे) येते.

आता ‘काही अकाउंट जुनीच राहिली’ याबद्दल. सुट्टीचा भाग पुढे घेतोच, पण सुट्टी नसतीही तरी दोन ठिकाणी गळती होऊ शकते. हेडरमध्ये रेकॉर्ड आयडी एकवचनी नसतो, यादी असते. कुणी डेटा लोडर या साधनाने दोनशे अकाउंटना एकच नवा मालक दिला, तर सारखे बदल एकाच इव्हेंटमध्ये एकत्र बांधून येऊ शकतात. तुमच्या कोडने यादीतला पहिला आयडी उचलला तर बाकीची अकाउंट्स मागे राहतात. यादीतल्या प्रत्येक आयडीसाठी स्वतंत्र ओळ करा.

दुसरी गळती गॅप इव्हेंटची. बदलाच्या प्रकारात क्रिएट, अपडेट, डिलीट, अनडिलीट यांच्या जोडीला ‘गॅप’ने सुरू होणारे प्रकारही असतात. इव्हेंट १ एमबीपेक्षा मोठा झाला, किंवा सेल्सफोर्सने डेटाबेसमध्ये थेट बदल केला, की हेडर येतो आणि आत माहिती नसते. अर्थ एवढाच, की हे रेकॉर्ड बदललंय, तुम्ही स्वतः येऊन वाचा. अशा आयडींची वेगळी रांग करून ती रेकॉर्ड्स सेल्सफोर्सच्या रेस्ट एपीआयने आणावी लागतात. एका ट्रान्झॅक्शनमध्ये १,००,००० पेक्षा जास्त बदल झाले तर ‘गॅप ओव्हरफ्लो’ येतो, तेव्हा तो अख्खा ऑब्जेक्टच नव्याने जुळवून घ्यायचा. कोडमध्ये चारच प्रकार लिहून बाकीचे सोडून दिले असतील, तर डेटा नेमका इथे हरवतो.

सुट्टीचा प्रश्न. प्रत्येक इव्हेंटला रिप्ले आयडी, म्हणजे प्रवाहातला क्रमांक, असतो. कनेक्टर शेवटचा वाचलेला आयडी काफ्का कनेक्टच्या (कनेक्टर चालवणाऱ्या भागाच्या) ऑफसेट टॉपिकमध्ये लिहून ठेवतो आणि पुन्हा सुरू झाला की तिथून पुढचं मागतो. चार दिवस म्हणजे ९६ तास. तो आयडी ७२ तासांच्या खिडकीबाहेर गेला, सेल्सफोर्सने ४०० क्रमांकाची एरर देऊन तो अवैध ठरवला, आणि टास्क, म्हणजे कनेक्टरचं प्रत्यक्ष काम करणारा भाग, पडला. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालं.

नुकसान वाढलं ते नाव बदलल्यामुळे. ऑफसेट, म्हणजे कुठवर वाचलं त्याची नोंद, कनेक्टरच्या नावाशी बांधलेला असतो. नवं नाव म्हणजे कोरी पाटी, आणि मग ‘इनिशियल स्टार्ट’ ही सेटिंग लागू होते. ती ‘लेटेस्ट’ असेल तर रिप्ले आयडी उणे १ जातो, म्हणजे फक्त यापुढचे इव्हेंट. तिथे ‘ऑल’ असतं, म्हणजे उणे २, तर हाताशी उरलेले शेवटचे ७२ तास तरी मिळाले असते आणि भोक एका दिवसाचं राहिलं असतं. काफ्का ३.६ पासून नाव बदलायचीही गरज नाही. कनेक्टर थांबवा, काफ्का कनेक्टच्या रेस्ट एपीआयने त्याचे ऑफसेट पुसा, सेटिंग ‘ऑल’ करा आणि पुन्हा सुरू करा. काही इव्हेंट दोनदा येतील. येऊ द्या. ऑफसेट मुळात दर ६० सेकंदांनी लिहिला जातो, त्यामुळे टास्क अचानक पडल्यावर थोडी पुनरावृत्ती एरवीही होतेच. एखाद्या फील्डला तीच किंमत त्याच क्रमाने पुन्हा दिली तर शेवटची स्थिती बदलत नाही. बदल मोजत असाल तरच रिप्ले आयडीवरून दुबार ओळी काढाव्या लागतील.

‘रनिंग’ या शब्दावर विसंबू नका. काफ्का कनेक्टमध्ये कनेक्टरची स्थिती वेगळी आणि टास्कची वेगळी. टास्क ‘फेल्ड’ असतानाही कनेक्टर ‘रनिंग’ दिसू शकतो, आणि पडलेला टास्क आपणहून उठत नाही. टास्कच्या स्थितीवर अलर्ट लावाच, पण त्याहून भरवशाची युक्ती अशी: सेल्सफोर्समध्ये एक चाचणीचं अकाउंट ठेवा, तासातून एकदा शेड्यूल केलेल्या जॉबने त्याचं एखादं फील्ड बदला, आणि वेअरहाउसमध्ये त्याचा इव्हेंट दोन तासांत पोचला नाही तर फोन वाजू द्या. दिवसाला २४ इव्हेंट खर्च होतात आणि लॉगिनपासून मर्जपर्यंतची सगळी साखळी तपासली जाते. मोठ्या सुट्टीआधी तो फोन कुणाकडे असेल हे ठरवून ठेवा, कारण हातात तीनच दिवस असतात. यूजरनेम-पासवर्डने लॉगिन करत असाल तर पासवर्ड बदलताच सिक्युरिटी टोकनही बदलतं, त्यामुळे शक्य असेल तिथे जेडब्ल्यूटी (पासवर्डऐवजी सही केलेलं टोकन) वापरा.

आता तुमचा पहिला आक्षेप, की क्वेरी पुरेशी आहे. अनेक ठिकाणी खरोखरच पुरेशी आहे. पंधरा मिनिटं जुना डेटा चालत असेल, ऑब्जेक्ट मोजकेच असतील आणि मधल्या अवस्था नको असतील, तर मीही क्वेरीच सुचवेन. एपीआयच्या मर्यादेची भीती दाखवणंही बरोबर नाही. एंटरप्राइझ आवृत्तीत २४ तासांना १,००,००० आणि वर प्रत्येक लायसन्समागे १,००० कॉल मिळतात, आणि पंधरा मिनिटांची क्वेरी एका ऑब्जेक्टसाठी दिवसाला ९६ वेळा चालते. उलट इव्हेंटचीच मर्यादा आधी टोचते. एंटरप्राइझमध्ये दिवसाला २५,००० इव्हेंट पोचवले जातात आणि ते प्रत्येक ग्राहक-प्रोग्रामगणिक मोजले जातात. कुणी आपल्या लॅपटॉपवर तोच प्रॉडक्शन चॅनेल दुसऱ्या कनेक्टरने ऐकत बसला तर कोटा दुप्पट वेगाने संपतो. वेगळं लायसन्स न घेता ५च ऑब्जेक्ट निवडता येतात, हेही आहे. फॉर्म्युला फील्ड हवं असेल तर क्वेरीला पर्यायच नाही.

पण क्वेरी करायची तर नीट करा. ‘लास्ट मॉडिफाइड डेट’ऐवजी ‘सिस्टम मॉडस्टॅम्प’ घ्या, कारण सिस्टमने आपोआप केलेले बदल फक्त दुसऱ्यात उमटतात. प्रत्येक वेळी खिडकी काही मिनिटं मागे सरकवून घ्या, नाहीतर लांबलेल्या ट्रान्झॅक्शनमधली रेकॉर्ड्स निसटतात. साध्या क्वेरीत डिलीट झालेलं दिसत नाही, त्यासाठी ‘क्वेरी ऑल’ लागतं, आणि रिसायकल बिन १५ दिवसच धरून ठेवतं. एखादी ऑपॉर्च्युनिटी (संभाव्य विक्रीचं रेकॉर्ड) दहा मिनिटांत दोन टप्पे पुढे गेली तर मधला टप्पा या वाटेने कधीच दिसणार नाही. विक्रीच्या टप्प्यांचं विश्लेषण हाच तुमचा हेतू असेल, तर निर्णय इथेच होतो.

तुमचं टेबल आज दुरुस्त करायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी कनेक्टर चालू स्थितीत आणा, कच्च्या टेबलात इव्हेंट पडताहेत याची खात्री करा आणि ती वेळ टिपून ठेवा. त्यानंतरच बल्क एपीआय २.० ने (घाऊक डेटा काढायच्या वाटेने) पूर्ण अकाउंट ऑब्जेक्ट उतरवा आणि मुख्य टेबल त्यावरून नव्याने भरा. मग टिपलेल्या वेळेपासूनचे सगळे इव्हेंट क्रमाने लावा. उतरवणी चालू असताना झालेले बदल दोन्हीकडे येतील. काही फील्ड्स क्षणभर मागे गेल्यासारखी दिसतील आणि पुढच्या इव्हेंटने जागेवर येतील. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी उतरवणी आणि मग कनेक्टर, तर मधल्या वेळेतले बदल कुठेच सापडणार नाहीत.

हे करून पाहिल्यावर नल राहिलेच, तर एका अपडेट इव्हेंटचा हेडर आणि सिंकचं कॉन्फिगरेशन इथे टाका. ग्राहकाची नावं, नंबर आणि कन्झ्युमर सीक्रेट (लॉगिनची गुप्त किल्ली) काढून टाकायला विसरू नका. मर्जची क्वेरी आपण त्यावरून लिहू.