खाडीतले फ्लेमिंगो केमिकलमुळे गुलाबी होत नाहीत

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘ठाणे खाडीत कारखाने केमिकल सोडतात, त्याचाच रंग फ्लेमिंगोंच्या पिसांना चढतो.’ साफ चूक. हा रंग बाहेरून लागत नाही, खाण्यातून येतो. नीलहरित शेवाळ आणि बारीक कवचधारी जिवांमधली कॅरोटिनॉइड द्रव्यं पिसांत उतरतात. गाजराला नारिंगी करणारं द्रव्यही त्याच कुळातलं. पिल्लं राखाडीच असतात. ओहोटीला चिखलात उलटी चोच घालून पाणी गाळणारा एखादा मळकट पक्षी दिसला, तर तो आजारी असेलच असं नाही, बहुधा लहान असतो.

मेसेजमध्ये सत्याचा कण मात्र आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसने शेवाळ माजतं, म्हणजे पक्ष्यांचं खाणं वाढतं. पण जड धातूही त्याच गाळात साचतात.

‘हे बायोलॉजीवाल्यांना विचारा,’ असं एका काकांनी लिहिलं. काका, तेवढ्याने भागत नाही. पाण्याचं रसायन, भरती-ओहोटीचं गणित, गाळाचा अभ्यास आणि कायदा, सगळं लागतं. पर्यावरणशास्त्र म्हणतात ते यालाच. इथे अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) २०२२ साली मिळाला. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याखाली हेही टाका.