एक स्टार देणाऱ्या सरांना: तारखा कुठे बिघडल्या ते एकदा वाचा

नमस्कार सर,

तुमच्या ग्राहकाला वॉटर फिल्टरच्या सर्व्हिसचा फोन महिनाभर उशिरा गेला आणि बोलणी तुम्हाला खावी लागली, याचं मला मनापासून वाईट वाटलं. ॲक्सेस या नोंदी साठवायच्या प्रोग्रॅममधला तुमचा डेटा एक्सेलला जोडून सर्व्हिसच्या तारखा काढायचं काम सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा दिलं, तेही कबूल. दोन्हीबद्दल माफी मागतो.

पण "ॲक्सेसचा डेटाबेस एक्सेलला जोडून दिला आणि तारखांचा सगळा हिशोब चुकवून ठेवला, २५०० रुपये पाण्यात" असं तुम्ही लिहिलंत, ते फार लागलं. तुमच्या जुन्या शीटमध्ये पुढच्या सर्व्हिसचे सहा महिने म्हणून सरसकट १८० दिवस मिळवलेले होते. १ एप्रिल २०२४ ला बसवलेल्या फिल्टरची तारीख त्यात २८ सप्टेंबर यायची. मी ईडेट फॉर्म्युला लावला, जो दिवस न मोजता तारीख थेट महिन्यांनी पुढे नेतो, आता बरोबर १ ऑक्टोबर येते. ३१ तारखेच्या नोंदीसुद्धा महिनाअखेरीला नीट बसतात. हे सगळं तुमच्या काउंटरवर बसून, तुमच्यासमोर तपासलं होतं.

शनिवारी तुमचा फोन आल्या आल्या दुकान बंद करून मी आलो. फाइल उघडली तर डेटाबेसमधून आलेली एकही ओळ चुकलेली नव्हती. चुकल्या होत्या त्या खालच्या २७. त्या तुमच्या भाच्याने मोबाइलमधली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी) फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडून थेट शीटमध्ये पेस्ट केल्या होत्या. ॲक्सेसमध्ये भरल्याच नव्हत्या. त्या कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकेची, म्हणजे आधी महिना, मग दिवस. त्यामुळे ०५/०४/२०२४ ही आपली ५ एप्रिल तिथे ४ मे झाली आणि सर्व्हिस ५ ऑक्टोबरऐवजी ४ नोव्हेंबरला गेली. तो उशिराचा फोन याच नोंदीचा. १३ एप्रिलपासून पुढच्या तारखा तर एक्सेलने तारीख म्हणून घेतल्याच नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. त्या सेलच्या डाव्या कडेला चिकटून बसल्या होत्या आणि शेजारी हॅश व्हॅल्यूची एरर, म्हणजे हिशोब करता येत नाही अशी खूण. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा तुम्ही "अच्छा, असं आहे होय" म्हणालात. पोरगा शिकतोय, त्याच्यावर राग नाही. पण रविवारी रिव्ह्यू वाचला तेव्हा त्यात यातलं एक अक्षर नव्हतं.

त्या शनिवारच्या फेरीचा, दोन तास बसून २७ तारखा हाताने दुरुस्त केल्याचा मी एक रुपया घेतला नाही. सर, एवढ्याशा दुकानात मी आणि एक मुलगा आहोत. नवीन माणूस आधी हेच रिव्ह्यू वाचतो, मग फोन करतो. सोमवारपासून दोघांनी मला या रिव्ह्यूबद्दलच विचारलं.

एक गोष्ट माझीही राहिली. नवीन नोंद फक्त ॲक्सेसमध्ये भरा आणि मग एक्सेलमध्ये रिफ्रेश ऑल (ॲक्सेसमधल्या नव्या नोंदी आणणारं बटण) दाबा, हे मी तोंडी सांगितलं होतं, लिहून द्यायला हवं होतं. यापुढे प्रत्येकाला कागद देईन, शीटमध्ये चुकून पेस्ट होऊ नये यासाठीही काहीतरी सोय करतो. त्या कॉम्प्युटरची सेटिंग मी इंग्लिश इंडिया करून ठेवली आहे, ती कृपया बदलू देऊ नका. भाच्याला एक दिवस दुकानात पाठवा, अर्ध्या तासात शिकवतो, पैसे नकोत. आणि जमलं तर रिव्ह्यूमध्ये त्या २७ ओळींबद्दल दोन शब्द लिहा, एवढीच विनंती.