काना कोणी दिला?

निवृत्त झालात, बीपी ताब्यात आहे आणि सोसायटीच्या कमिटीवर कोणी घेत नाही, तर एखादा खून हाती घ्या. जुना बघा आणि राजकीय बघा. त्यासाठी पुणेकराला लांब जावं लागत नाही. गणेशखिंडीच्या रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, पण त्या वाटेला जाऊ नका. दामोदर चापेकरांनी तुरुंगात स्वतःच सगळं लिहून ठेवलंय. संशोधकासाठी माणसाने काही शिल्लक ठेवायला नको?

त्यापेक्षा नारायणराव पेशवे घ्या. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. अठरा वर्षांचा पेशवा, गादीवर येऊन जेमतेम नऊ महिने झालेले, थकलेल्या पगाराचा ओरडा करत आत घुसलेले गारदी, आणि वाड्यातच नजरकैदेत असलेले काका. मसाला भरपूर आणि साक्षीदार एकही हयात नाही.

सुरुवात मोजमापाने करा. आमच्या ग्रुपात एक माजी इंजिनियर आहेत, ते लेसरचं यंत्र घेऊन येतात. नारायणराव कुठून निघाले, काकांच्या दालनापर्यंत किती पळाले, हे अंतर त्यांनी दोन दशांश स्थळांपर्यंत काढलंय. वाडा १८२८ साली जळाला, आतलं लाकूडकाम गेलं, उरले ते तट, दरवाजे आणि जोती, असं एखादा हटकून म्हणेल. म्हणू दे. भिंत नसली की लेसर अडत नाही.

मग आवाजाची चाचणी घ्या. "काका, मला वाचवा" ही हाक रघुनाथरावांना ऐकू गेली असेल का, हा आमच्याकडचा कळीचा मुद्दा. आम्ही एकाला एका जोत्यावर उभं केलं, दुसऱ्याला लांबच्या जोत्यावर, आणि पहिल्याने बेंबीच्या देठापासून हाक मारली. दुसऱ्याने काही नोंद करायच्या आत वाड्यात फिरायला आलेले तीन अनोळखी काका धावत आले. एकाने तर पाण्याची बाटली पुढे केली. निष्कर्ष काय काढायचा यावर अजून मतभेद आहेत. (पौर्णिमेच्या रात्री हीच हाक ऐकू येते म्हणतात. खून दिवसाढवळ्या झाला, मग हाक रात्रीची का, असं मी एकदा विचारलं. मला आठवडाभर ग्रुपमधून काढलं होतं.)

खरी मजा मात्र पत्रात आहे. "नारायणरावास धरावे" असा हुकूम होता आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, हे पुण्यात पोर बाराखडीच्या आधी शिकतं. तो अस्सल कागद कुठे आहे, असं सदाशिव पेठेतल्या मंडळात जाऊन विचारू नका. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली काढलेली संस्था ती, तिथली माणसं कागद मागतात. तुम्ही आपलं व्हाइटबोर्डवर देवनागरीत मोठा 'ध' काढा आणि तो पुसून 'मा' कसा होतो ते दाखवा. पेशवाईतली पत्रं मोडीत असत, ही तांत्रिक बाब आहे.

आमच्यातल्या एका बँकवाल्यांनी यात मोलाची भर घातली. ते म्हणाले, नुसतं 'ध'चं 'म' करून भागत नाही, 'मरावे' होतं. 'मारावे' व्हायला काना लागतो. मग काना कोणी दिला?

त्या दिवशी खरंच शांतता पसरली. केनेडींच्या अभ्यासकांकडे दुसरा बंदूकवाला आहे, आपल्याकडे दुसरा बोरूवाला! तिकडे तर बिचाऱ्यांकडे सव्वीस सेकंदांची फिल्म आहे, साठ वर्षं एकेक फ्रेम थांबवून बघतात आणि तरी भांडतात. आपल्याकडे फिल्म नाही, कागद नाही, इमारत नाही. म्हणजे भांडायला केवढा वाव!

पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत, ते सोडायच्या फंदात पडू नका. मोडी शिकायला काही महिने जातात आणि शिकलात तर बहुतेक कागदांत निघतो हिशेब. अमक्याला घोड्यासाठी दाणा, तमक्याला धोतरजोडी. त्यात कोण रमणार?

स्मरणदिन जरूर करा, पण आधी तिथी की तारीख ते ठरवा. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे विसर्जनाच्या आदल्या दिवशी, त्यामुळे पार्किंग मिळत नाही. तारीखवाल्यांचा वेगळा ग्रुप झालाय. त्यांचा चहा बरा असतो, असं ऐकतो.

एक नाव मात्र चुकूनही काढू नका. रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी धरलं आणि देहांत प्रायश्चित्त सांगितलं, तेही तोंडावर. निकालच लागला म्हटल्यावर दर रविवारी सकाळी आम्ही जमायचं कशासाठी?

डॅलसमध्ये केनेडींना गोळी लागली तिथे रस्त्यावर पांढरी फुली काढलेली असते. ते वाचून आमच्या इंजिनियरांनीही खिशातून खडू आणला. पहारेकऱ्याचं लक्ष नाही असं बघून एका जोत्यावर फुली मारली. बँकवाल्यांना ती मान्य नव्हती, त्यांनी पलीकडे मारली. तिसरी माझी, ती कारंज्याच्या अंगाला आहे, आणि बरोबर तीच आहे.

मागच्या रविवारी एक कॉलेजातली मुलगी नव्याने आली होती. हातात वही. म्हणाली, "पेशव्यांच्या अंगावर पडून ज्याने वार झेलले, तो चाफाजी टिळेकर कुठे मेला?"

"अगं, त्याच जागी," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

"कुठल्या?"

आम्ही तिघांनी तीन दिशांना बोटं केली, आणि तेवढ्यात पहारेकऱ्याची शिट्टी वाजली.